सरांची शिट्टी, वहिनींचा प्रश्न

सांगलीच्या विश्रामबागेतून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय एकसष्ट. हायस्कूलमध्ये आयुष्यभर मराठी शिकवलं, स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली, राज्य नाट्य स्पर्धेत हौसेने कामं केली. दिवाळीत पुण्याहून आलेल्या एका वर्गमित्राने शाळेतली जुनी टोळी गोळा केली. "मर्दा, किती दिवस शहाण्यासारखा वागणार? चल पिच्चरला" म्हणत त्याने सगळ्यांना थिएटरात नेलं, तिकिटंही त्यानेच काढली. सिनेमा मारधाडीचा, पण गमतीचा. हिरो गुंडांना लोळवता लोळवता विनोद करतो, जीप पुलावरून उडून चालत्या ट्रकवर उतरते, व्हिलनची माणसं गोंधळून एकमेकांनाच बडवतात. सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इंटर्व्हलनंतरच्या मारामारीला तर त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पुढच्या रांगेतला एक माजी विद्यार्थी मागे वळून म्हणाला, "सर, तुम्ही?"

ज्या सिनेमांना आपण वर्गात जन्मभर नावं ठेवली, त्यातल्याच एकावर एवढे खूश झालो, याची सरांना लाज वाटते आहे. मित्रांनी आता दर महिन्याला एक सिनेमा असं ठरवलंय. ग्रुपवर कुणीतरी 'पुढच्या वेळी रिक्लायनर', म्हणजे आडवं होता येईल अशा महागड्या खुर्च्या, असं लिहिलं, आणि त्या दिवसापासून टोळीतला एक जण काहीच बोलत नाही. घरी पत्नीने सगळं वर्णन ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बत्तीस वर्षांत माझ्याबरोबर असे कधी हसलात?" लग्नानंतर ती असल्या सिनेमांना चला म्हणायची, सर तिला चांगल्या नाटकांना न्यायचे. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं चालू आहे. सरांचे प्रश्न दोन: या वयात आपली अभिरुची घसरली का? आणि मित्रांना गोडीत नाही कसं म्हणावं? पुढे ते लिहितात, 'पत्नीचा राग दोन दिवसांत जाईल, तो मुद्दा नाही.'

सर,

तुम्हाला सरच म्हणते. कागदाला डावीकडे सोडलेला समास आणि शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं पत्र पाहिल्यावर दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही.

शिट्टीचा विषय आधी संपवते. 'त्या मुलाच्या नजरेत माझी काय किंमत राहिली असेल' असं तुम्ही लिहिलंय. तो मुलगा आता चाळिशीला आला असेल. त्याने घरी जाऊन बायकोला ही गोष्ट रंगवून सांगितली असणार, आणि आनंदाने. फळ्यापुढे उभा राहणारा माणूस चारचौघांसारखा हसतोही, हे कळलं की विद्यार्थ्यांना बरंच वाटतं. तो पुन्हा भेटला तर खुलासा द्यायला जाऊ नका. 'मित्रांनी ओढून नेलं' हे तर मुळीच सांगू नका, कारण शिट्टी काही मित्रांनी तुमच्या तोंडात घातली नव्हती.

अभिरुचीबद्दल मात्र जरा सविस्तर बोलू. तुम्ही नाटकातले, त्यात सांगलीचे. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते १८४३ सालच्या एका प्रयोगामुळे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो तो त्याच प्रयोगाच्या आठवणीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ती नाटकं कशी होती ते एकदा आठवून बघा. सूत्रधार पदं म्हणायचा, नट आयत्या वेळी सुचेल तसं बोलायचे, विदूषक माकडचेष्टा करायचा आणि राक्षस आरोळ्या ठोकत, तलवारी परजत आत घुसायचे. देव-राक्षसांची झटापट सुरू झाली की प्रेक्षक खूश. पुढच्या काळातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनी याच नाटकांना नाक मुरडलं आणि राक्षसांच्या त्या आरोळीवरून त्यांना 'अलल्डुर्र' असं नाव ठेवलं. मारामारी आणि विनोद एकाच तिकिटात, हा मामला तुमच्या गावात एकशे ऐंशी वर्षांहून जुना आहे. राक्षसाला टाळी देणाऱ्या त्या प्रेक्षकांची अभिरुची घसरलेली होती असं तुम्ही वर्गात कधी शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

तुम्ही नवरसही शिकवलेत. वीर रसापासून अद्भुत रस उपजतो असं नाट्यशास्त्र लिहिणारे भरतमुनी सांगतात. जीप उडून ट्रकवर उतरली तिथे नेमकं हेच झालं. विदूषकही शेजारीच उभा होता, मग हसू आलं तर त्यात नवल काय? शिवाय श्रमलेल्यांना आणि दुःखितांना विसावा देणं हे नाट्याचं एक काम म्हणून भरतमुनींनीच सांगून ठेवलंय. त्यात आयुष्यभर पेपर तपासून दमलेले मास्तर धरायला हरकत नसावी.

याचा अर्थ असले सगळे सिनेमे सारखेच चांगले, असं नाही. पुष्कळसे आळशी असतात. कुणाच्या जाडेपणावर किंवा बोलण्याच्या ढबीवर विनोद, आणि नायिकेला काम म्हणजे पळवून नेलं जाणं. ते खटकलं तर जरूर खटकू द्या, तुमचं मराठीच्या मास्तराचं डोकं थिएटराबाहेर ठेवायची गरज नाही. पण हसवणारी मारामारी बसवणं किती कठीण असतं, ते दिग्दर्शन केलेल्या माणसाने तरी ओळखावं. ठोसा लागलेलाच नसतो. कॅमेऱ्याचा कोन, पडणाऱ्याचा अंदाज आणि मागाहून घातलेला आवाज यांनी तो लागल्यासारखा वाटतो. उंचावरून झेपावणारा माणूस तारेला टांगलेला असतो आणि ती तार नंतर संगणकावर पुसली जाते. अशा प्रसंगात मार देणाऱ्यापेक्षा मार खाणारा नट पक्का लागतो. तो पाव सेकंद आधी कोलमडला की हशा गेला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये अफझलखानाचा वध बसवताना तुम्ही खानालाच जास्त तालमी दिल्या असतील, हो ना?

तर अभिरुची जागच्या जागी आहे. वाढली असली तर थोडी रुंदीला वाढली असेल.

आता त्या दिवशी तुम्ही एवढे का हसलात ते पाहू. रॉबिन डनबार हे ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना विनोदी चित्रफिती दाखवायच्या आणि आधी-नंतर त्यांना वेदना किती सोसवते ते मोजायचं. खळखळून हसलेल्यांची सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. मोठ्याने हसताना छाती-पोटाच्या स्नायूंना श्रम पडतात, त्यामुळे शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारं द्रव्य सुटतं, आणि एकत्र हसलेली माणसं एकमेकांना जवळची वाटण्यामागे तेच असावं, असा त्यांचा तर्क. माणूस एकटा असताना फार कमी हसतो, हे तर अभ्यासाशिवायही आपल्याला माहीत आहे. हिंदीतले मोठे सिनेमे साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतात. हा आला की दुपारी एकट्याने मोबाइलवर लावून बघा. अर्ध्या तासात बंद कराल, पैज लावते. तीच जीप, तोच ट्रक, पण शेजारी बाकावरचा मित्र नसेल. दहावीत ज्याच्याबरोबर छड्या खाल्ल्या तो बरगडीत कोपर मारून "बघ बघ, आता पडतंय" म्हणणार नाही. त्या हसण्यात शेजारच्या खुर्चीचा वाटा फार मोठा होता.

आणि तुमचं पत्र मला इथेच अडलं.

'तो मुद्दा नाही' असं लिहून तुम्ही ज्यावर रेघ मारलीत, ते वहिनींचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मला का नेलं नाहीत' असं त्यांनी विचारलेलं नाही. 'माझ्याबरोबर असे कधी हसलात' असं विचारलंय. त्यांना तिकीट चुकल्याचं वाईट वाटलेलं नाही. त्या शेजारच्या खुर्चीबद्दल विचारताहेत. बत्तीस वर्षं ती खुर्ची त्यांचीच होती, भावे नाट्यमंदिरातसुद्धा होती, पण तिथे बसून त्यांना तुमचं हे हसणं ऐकायला मिळालं नाही. मग एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि ते हसणं कसं होतं याचं साग्रसंगीत वर्णन त्यांना ऐकवलंत. याला राग म्हणण्यापेक्षा दुसरं काहीतरी म्हणावं लागेल, आणि ते दोन दिवसांत जाईल असं मला तरी वाटत नाही.

पत्रात तुम्ही सहज म्हणून जाता की तिला मी चांगल्या नाटकांना न्यायचो. त्यात एक गृहीत दडलंय, की चांगलं काय ते तुम्ही ठरवणार आणि त्यांनी त्याबद्दल खूश असायला हवं. नाटकं चांगलीच असतील, त्याबद्दल शंका नाही. पण परत येताना स्कूटरवर कोण बोलायचं? दुसऱ्या अंकात लाइट कसे चुकले, अमक्याने पॉज कसा खाल्ला, हे तुम्ही सांगत असणार आणि त्या मागे बसून हं हं म्हणत असणार. त्यांना नाटक कसं वाटलं, हे किती वेळा विचारलंत? माझा अंदाज चुकीचा असला तर फारच चांगलं. पण खरा असला तर गोष्ट सिनेमा-नाटकापलीकडची आहे. 'असले सिनेमे' म्हणून तुम्ही जेव्हा जेव्हा हात झटकलात, तेव्हा ते सिनेमे आवडणाऱ्या घरातल्या माणसालाही त्यातलं थोडं लागलं. आता तुम्हालाच 'असला' सिनेमा आवडला. म्हणजे 'इतकी वर्षं सिनेमा आड येत नव्हता, मी सांगत होते हेच आड येत होतं', असा हिशेब त्यांनी मांडला असेल तर तो चूक आहे असं कसं म्हणायचं?

तुमची बाजूही आहे, ती मी सोडत नाही. त्या काळात हायस्कूलच्या मास्तराने टॉकीजच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्गात खसखस पिकायची. घरात म्हातारी माणसं, मुलांच्या परीक्षा, शिकवण्या. दोघांनी संध्याकाळी बाहेर पडायचं तर घरात किती जणांना सांगावं लागायचं, ते त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. नाटकाला जाणं त्या मानाने सभ्य समजलं जायचं. तुम्ही हट्टाने काही केलंत असं नाही. चाकोरी होती आणि तुम्ही दोघं तिच्यातून चालत राहिलात.

दुसरं असं की काही हसू मित्रांचंच असतं. ज्यांनी तुम्हाला हाफ पँटीत पाहिलंय, तुमचं शाळेतलं टोपणनाव अजून ज्यांच्या तोंडी आहे, त्यांच्यासमोर माणूस जसा सुटतो तसा बायकोसमोर सुटेलच असं नाही. बायकोचंही तसंच असतं. वहिनींची भिशी असेल, भजनी मंडळ असेल, माहेरच्या बहिणी असतील. तिथे त्या कशा हसतात ते तुम्ही तरी कुठे ऐकलंय? म्हणून 'तुलाही टोळीबरोबर घेऊन जातो' हा तोडगा काढू नका. त्यांना पाहुण्यासारखं वाटेल, तुमच्या मित्रांना शिव्या गिळाव्या लागतील आणि जीप उडाली तरी कुणाला मनापासून हसता येणार नाही.

तिकिटं आणून 'चल, तुझीही हौस पुरी करू' असंही म्हणू नका. त्यात उपकाराचा वास येतो. वहिनींनी प्रश्न विचारलाय, तर आधी उत्तर द्या. संध्याकाळचा चहा झाल्यावर, टीव्ही बंद असताना, सरळ म्हणा: "तू विचारलंस त्याला मी उत्तर दिलं नाही. मी त्या सिनेमांना नावं ठेवत राहिलो आणि तुला काय आवडतं ते कधी ऐकूनच घेतलं नाही. आता तू सांगशील तो बघू." एवढं बोलून गप्प बसा. त्यावर त्या काही बोलतील. कदाचित दहा वर्षांपूर्वीची, वीस वर्षांपूर्वीची एखादी संध्याकाळ काढतील. ती तुम्हाला आठवणार नाही आणि त्यांना तुमच्या शर्टाच्या रंगासकट आठवत असेल. 'तसं नव्हतं' म्हणत मध्ये तोंड घालू नका. भाषण हा तुमचा पेशा, त्यामुळे हे अवघड जाणार आहे.

त्यांनी सिनेमा निवडला तर तोच. तो मारधाडीचा असेलच असं नाही. आता त्यांना रडवणारा कौटुंबिक सिनेमा हवा असेल, किंवा वारकऱ्यांवरचा. थिएटरात कानाशी लागून 'हे कसं शक्य आहे' म्हणायचं नाही. बाहेर पडल्यावर पहिलं मत त्यांचं. आणि हसू आलं नाही तर आणू नका. त्यांना दाखवण्यासाठी हसाल तर त्या लगेच ओळखतील, बत्तीस वर्षं तुम्हाला बघताहेत. पहिल्या सिनेमाला नुसतं शेजारी बसून येणं झालं तरी खूप झालं. 'आता कशाला' म्हणाल्या तर आग्रह धरू नका, पण विषय मेला असंही समजू नका. दोन-तीन शुक्रवार जाऊ द्या आणि पुन्हा विचारा.

आता मित्रांचं. त्यांना नाही म्हणू नका. या वयात शाळेतली माणसं पुन्हा एकत्र येताहेत आणि कुणाच्या ऑपरेशनचा किंवा पेन्शनचा विषय न काढता अडीच तास मजेत घालवताहेत, ही संधी सोडायला मला एकही कारण दिसत नाही. 'दर महिन्याला' हा नियम मात्र मोडून टाका. दर महिन्याला असा सिनेमा लागत नाही, आणि नियम झाला की गैरहजेरी मांडली जाते. हजेरीपट तुम्ही आयुष्यभर भरलेत, आता तो मित्रांचा नको. चांगला सिनेमा लागला किंवा पुणेकर गावी आला की जायचं. ज्यांना जमेल ते येतील. मधल्या महिन्यांत आयर्विन पुलावरून चक्कर, हरिपूरच्या संगमावर गप्पा. आणि एखाद्या वेळी तुम्ही त्यांना नाटकाला न्या. घरी येताना समीक्षा करायची नाही, ही अट तिथेही लागू.

गप्प झालेल्या मित्राला तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण त्या ओळीतला रिक्लायनर माझ्या नजरेतून सुटला नाही. पहिल्या वेळी तिकिटं पुणेकराने काढली, तेव्हा तो आला. महागड्या खुर्च्यांची भाषा निघाली आणि तो थांबला. कारण पैशांचंच असेल असं नाही. घरी आजारी माणूस असेल, कमी ऐकू येत असेल, मोठ्या आवाजाने छातीत धडधडत असेल. पण पैशांचं असू शकतं, आणि ते कुणीही ग्रुपवर लिहीत नाही. त्याला तुम्ही एकट्याने फोन करा. 'का येत नाहीस' असं विचारू नका. 'सकाळच्या खेळाला जाऊया का, साध्या खुर्चीवर, मला ते आडवं पडून बघणं झेपत नाही' असं म्हणा. खोटंही नाही ते, साठीनंतर रिक्लायनरमधून उठायला आधार लागतो. सिनेमाला नकोच म्हणाला तर 'मग सुटल्यावर चहाला ये' म्हणा. सिनेमा न बघता गप्पांना यायचीही मुभा असू द्या.

खर्चाचं एकदा मोकळेपणाने ठरवून टाका, म्हणजे कुणाला अवघडायला होणार नाही. सकाळचा खेळ बहुतेक ठिकाणी स्वस्त पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के झाला आहे, त्यावरच्या तिकिटावर तो अठरा टक्केच आहे. म्हणजे एकपडदा थिएटरात तिकीट शंभराच्या आत असेल तर सगळ्यांचं मिळून बरंच वाचतं. खरा खर्च पॉपकॉर्नचा. बाहेरचं खाणं आत नेऊ न देण्याचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट मिळालं पाहिजे हेही आहे. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेण्याची सक्ती वाटून घेऊ नका, पाणी कुठे आहे ते विचारा. भूक बाहेर पडल्यावर भडंग-चहावर भागवता येते, सांगलीत त्याची वाण नाही. ज्याची ऐपत जास्त त्याने दर वेळी सगळ्यांचं काढणं मात्र टाळा. पहिल्यांदा ते प्रेमाचं वाटतं, तिसऱ्यांदा बाकीच्यांना जड होतं. तिकिटं आळीपाळीने किंवा सरळ ज्याची त्याने काढावीत.

तब्येतीचंही थोडं. मारधाडीच्या सिनेमात आवाज जबरदस्त असतो, पुढच्या रांगा आणि स्पीकरजवळच्या जागा टाळा, कानात थोडा कापूस ठेवला तर कुणी हसत नाही. फिट येण्याचा त्रास असलेल्याने पडद्यावर दिव्यांचा लखलखाट फार आहे का ते आधी विचारून घ्यावं. मल्टिप्लेक्समध्ये अंधारात पायऱ्या असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लघवीला वारंवार उठावं लागणाऱ्यांनी कडेची सीट धरावी, म्हणजे ऐन मारामारीत चौघांच्या गुडघ्यांवरून जावं लागणार नाही.

अशी पत्रं बायकांकडूनही येतात. शाळेतल्या मैत्रिणी सिनेमाला बोलावतात आणि घरातून 'या वयात कसली मैत्रिणींची पिक्चर' असा सूर निघतो. त्यांना एवढंच सांगते: परवानगी मागू नका, सांगून निघा. मधल्या वेळचा खेळ घ्या, म्हणजे परतताना अंधार होणार नाही आणि रात्रीच्या जेवणाचं कारण कुणाला सापडणार नाही. परत आल्यावर मात्र नवऱ्याला गोष्ट नुसती रंगवून सांगून थांबू नका. सरांच्या घरी काय झालं ते वाचलंतच. रंगवून झालं की 'आता तुमचं काय चाललंय' हे विचारायला विसरू नका.

आणि सर, ग्रुपवर आज उत्तर टाका. येणार असाल तर 'येतो', नसाल तर 'या वेळी नाही'. नवे सिनेमे शुक्रवारी लागतात, पहिल्या रविवारी सलग जागा मिळत नाहीत, आणि एकाच्या 'बघू'पायी बाकीच्यांची तिकिटं अडकून पडतात. वहिनींनी त्याच रविवारी दुसऱ्या सिनेमाला चला म्हटलं, तर 'या वेळी नाही' टाका आणि कारण लिहायला लाजू नका.